नारिंगी टोपीचा दगड

आमच्या चिरंजीवांना चौदावे वर्ष लागले त्या दिवशी घरात सायकल आली. निळ्या रंगाची, एकवीस गिअरांची, नव्या रबराचा वास असलेली. सारे ठीक होते. पण ती चालवायची कुठे, हा विचार दुकानात पैसे मोजताना आम्हां दोघांपैकी एकालाही सुचला नव्हता. शेवटी जागा सापडली ती आमच्या सोसायटीच्या वाहनतळाची. बारा खांब, दोन वळणे आणि पहारेकऱ्याची खुर्ची. एक फेरी पुरी व्हायला एक मिनिट पाच सेकंद लागतात हे मला नक्की ठाऊक आहे. कारण पहिले तीन आठवडे हा आकडा मला रोज रात्री जेवताना ऐकवला जात असे. चौथ्या आठवड्यात त्याने आकडा सांगणे सोडले आणि पाचव्यात सायकल.

"आई, घाण्याच्या बैलाच्या फेऱ्यांतून तेल तरी निघतं," तो म्हणाला.

मराठी शिकवणाऱ्या बाईच्या पोटी जन्माला आल्याचा हा परिणाम! पण त्याचे म्हणणे खोटे नव्हते.

आम्ही राहतो वाघोलीला. पुण्याहून नगरकडे निघालेल्या माणसाला पूर्वी शहर संपल्याची खूण म्हणून हे गाव लागे. वाघेश्वराचे देऊळ, त्याच्या जवळचे तळे, आणि पेशवाईतले नामांकित सरदार पिलाजी जाधवराव यांचे हे गाव, एवढी त्याची ओळख पुरेशी होती. पुढे डोंगर फोडून खडी काढणाऱ्या खाणी आल्या, मग महाविद्यालये आली, मग आमच्यासारखी, भाव परवडतो म्हणून येऊन राहिलेली बिऱ्हाडे आली. आणि २०२१ साली वाघोली पुणे महानगरपालिकेत गेली. गाव शहरात गेले, पण रस्ता होता तिथेच राहिला. त्याच एका नगर रस्त्यावर आता कारखान्यांच्या बसगाड्या, पाण्याचे टँकर, खडीचे डंपर आणि आम्ही सगळे, असे एकमेकांच्या अंगावरून जात असतो. २०२४ च्या डिसेंबरात एका रात्री केसनंद फाट्याजवळ पदपथावर झोपलेल्या मजुरांच्या अंगावर डंपर चढला. तिघांचे प्राण गेले. त्यांत दोन लहान मुले होती. त्या फाट्यावरून मी रोज महाविद्यालयात जाते. तेव्हापासून आमच्या घरात 'सायकल' आणि 'रस्ता' हे दोन शब्द एका वाक्यात उच्चारायचे नाहीत, असा यजमानांचा दंडक होता. ते रागावून बोलत नसत. नुसते म्हणत, "मुलगा एकच आहे," आणि वर्तमानपत्र उघडत. ह्यावर उत्तर काय देणार?

आणि तरीही मला वाईट वाटे. मी वाढले पुण्याच्या पेठांत. सायकलींचे शहर म्हणून पुण्याचा लौकिक होता, तो मी विझता विझता पाहिलेला आहे. माझ्या आईने तो भर उजेडात पाहिला. खडकीच्या दारूगोळा कारखान्याची पाळी सुटली की सायकलींचा लोंढा कसा येई, दोन वेण्या आणि पाठीमागे डबा बांधून त्या काळच्या मुली शाळेला कशा जात, हे ती आजही सांगते. मी तिला फोनवर चिरंजीवांची कर्मकथा सांगितली, तेव्हा तिने एकच विचारले, "त्याचे पाय जमिनीला टेकतात ना गं? मग सोड की!" जुनी माणसे किती सोपे बोलतात!

अशा दिवसांत मला एका जुन्या विद्यार्थिनीचे पत्र आले. ती सध्या फ्रान्समध्ये, बर्गंडी प्रांतात असते. वर्गात शेवटच्या बाकावर बसून खिडकीबाहेर पाहणारी ही मुलगी आता सुट्टीच्या दिवशी खेड्यापाड्यांतून सायकल हाकत फिरते, आणि मला फोटो पाठवते. द्राक्षांचे मळे, दगडी घंटाघर, कालव्याकाठची झाडे, आणि ह्या सगळ्यांतून जाणारा, ज्यावर एकही मोटार नाही असा डांबरी रस्ता. मी तिला लिहिले, "बाई गं, तुझं नशीब थोर. असले रस्ते देवानं तुमच्याच वाट्याला दिले."

त्यावर तिने चांगले चार पानी उत्तर पाठवले. देवाचा ह्यात संबंध नाही, असे तिचे म्हणणे. फ्रान्समध्ये दहा लाख किलोमीटरांहून अधिक लांबीचे रस्ते आहेत. त्यांतले मोटारमार्ग आणि राष्ट्रीय रस्ते मिळून जेमतेम दोन टक्के भरतील. बाकीचे सारे जिल्ह्यांचे आणि गावांचे. मोठी वर्दळ त्या दोन टक्क्यांवरून धावते, म्हणून उरलेले रस्ते निवांत राहतात. झिव्री ते क्लुनी हा तिचा आवडता मार्ग तर मुळात रस्ताच नव्हता. बंद पडलेल्या रेल्वेचे रूळ काढून १९९७ साली तो सायकलींसाठी आणि पायी चालणाऱ्यांसाठी मोकळा केला. शिवाय कायदा आहे. सायकलस्वाराला ओलांडून जाताना मोटारीने गावात एक मीटर आणि गावाबाहेर दीड मीटर अंतर राखलेच पाहिजे. आणि शेवटी तिने एक युक्ती लिहिली होती: "मॅडम, इथं मैलाच्या दगडांना रंगीत टोप्या असतात. लाल टोपी म्हणजे राष्ट्रीय रस्ता, पिवळी टोपी म्हणजे जिल्ह्याचा. लाल दिसली की मी वळते. पिवळी दिसली की गात गात जाते."

हे वाचून मला स्फुरण चढले आणि त्या भरात मी एक मूर्खपणा केला. यजमान बाहेरगावी गेलेले पाहून, रविवारी सकाळी आठला, चिरंजीवांना घेऊन मी नगर रस्त्यावर आले. माझ्यासाठी शेजारणीची सायकल मागून घेतली होती. अर्धा किलोमीटरही झाला नसेल. मागून भोंगा वाजला, वाऱ्याचा एक झपका अंगावर आला, आणि पुढे चाललेला माझा मुलगा रस्त्याकडेच्या खडीत आडवा झालेला मला दिसला. डंपर केव्हाच निघून गेला होता. त्याने धक्काही दिला नव्हता. नुसता जवळून गेला होता. दीड मीटर सोडा, दीड वीतही नसेल. गुडघा आणि कोपर सोलवटले, तेवढ्यावर निभावले. तो रडला नाही. मी मात्र घरी येऊन न्हाणीघरात तोंडावर पाणी मारीत बराच वेळ उभी राहिले. संध्याकाळी हे आले, पट्टी पाहिली, सगळे समजले, आणि काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरे झाले असते. सायकल भिंतीला टेकून उभी राहिली, ती दोन महिने. साखळीला तांबूस गंज चढला.

त्या दोन महिन्यांत मी पुनःपुन्हा त्या पत्राकडे वळत होते. आणि एके दिवशी लक्षात आले, की टोप्या तर आपल्याकडेही आहेत! आपल्या मैलाच्या दगडांनाही रंग असतो. पिवळा म्हणजे राष्ट्रीय महामार्ग, हिरवा म्हणजे राज्याचा, निळा किंवा काळा म्हणजे जिल्ह्याचा. आणि नारिंगी म्हणजे खेड्याचा रस्ता, २००० साली सुरू झालेल्या पंतप्रधान ग्रामसडक योजनेतला. गंमत अशी, की तिथे पिवळी टोपी शांततेची, आणि इथे तीच गोंगाटाची. रंग उलटे, पण युक्ती तीच. आपल्याला नारिंगी टोपी शोधायची होती.

मी ह्यांना विचारले, "गर्दीच्या रस्त्यावर सायकल फक्त हातात धरून न्यायची, चढायचं नाही. पहाटे साडेपाचला निघायचं आणि नऊच्या आत घरी. चालेल?" हे बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "दिवे लाव. पुढे पांढरा, मागे लाल." आमच्या घरात परवानगी अशीच मिळते.

पौषातली थंडी होती. आम्ही दोघे अंधारात पायीच केसनंद फाटा ओलांडून गेलो, आणि वर्दळ मागे पडल्यावर सायकलींवर बसलो. केसनंद गाव ओलांडले आणि दक्षिणेला थेऊरच्या रस्त्याला लागलो, तेव्हा पूर्वेला नुकते तांबडे फुटत होते. त्या वेळी जे घडले ते लिहायला साधे आहे: आवाज थांबला. वाघोलीत राहणाऱ्या माणसाच्या कानात एक घरघर कायमची वस्तीला असते. ती आहे हे ती थांबल्यावरच कळते. आता नुसती साखळीची करकर, आणि दोन्ही बाजूंच्या उसात वाऱ्याची सळसळ. उसाला तुरे आले होते. कुठे गोठ्यातला धूर जमिनीलगत पसरलेला, कुठे विहिरीवरचा पंप. पाचटाचा आणि शेणाचा वास थंडीत गोठून राहिलेला.

कोलवडीच्या बाजूला एका फाट्यावर, बाभळीखाली, तो दगड उभा होता. अंगाचा चुना उडालेला, अक्षरे पुसट. पण टोपी नारिंगी! चिरंजीवांनी सायकल टाकली आणि जुना मित्र भेटावा तसा त्याच्या डोक्यावर हात ठेवला. तिथेच एक आजोबा दुधाची किटली घेऊन उभे होते.

"कुठं निघालात, बाई?"

"थेऊरला. सहज फिरायला."

"मोटार बिघडली का काय?"

"नाही हो, मुद्दामच सायकलवर."

त्यांनी माझ्याकडे, मग मुलाकडे पाहिले. "आमी जलमभर सायकलवर दूध घातलं, तवा कुनी न्हाई म्हनलं फिरायला चाललाय म्हून," ते हसत म्हणाले, आणि मुलाला उजव्या हाताची खबरदारी दिली: "फुडं उसाची ट्रॅक्टर येतील. ट्रॉल्या दोन असत्यात. पयली गेली म्हून आत वळू नकोस, दुसरी येऊ दे." सायकल चालवण्याच्या कोणत्याही पुस्तकात नसलेला आणि प्राण वाचवणारा असा हा नियम! तो आम्ही तेव्हापासून पाळतो.

पुढे मुळा-मुठा आडवी येते. पूल लांबून सुरेख दिसतो. जवळ गेल्यावर नाकाला पदर लावावा लागतो. पुण्याने जे जे नको म्हणून टाकले ते ते इथे वाहत येते. पाण्यावर जलपर्णी, कडेला फेस. चिरंजीवांनी विचारले, "हे आपलंच पाणी का गं?" मी हो म्हटले. मोटारीतून काचा लावून जाताना हा प्रश्न त्याने कधी विचारला नव्हता.

पूल ओलांडला की थेऊर. अष्टविनायकांतला चिंतामणी इथला. थोरले माधवराव पेशवे अखेरच्या दुखण्यात इथेच येऊन राहिले, आणि १८ नोव्हेंबर १७७२ रोजी, वयाच्या अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी, इथेच गेले. रमाबाई त्यांच्यामागे सती गेल्या. त्यांचे वृंदावन नदीकाठी आहे. रणजित देसाईंची 'स्वामी' कादंबरी १९६२ साली आली, तेव्हापासून कित्येक मराठी घरांत हे गाव न पाहताही ओळखीचे आहे. मी वर्गात ती शिकवलेली आहे. पण वाघोलीहून घाम गाळीत, बारा-तेरा किलोमीटर आपल्या पायांनी कापून त्या काठावर उभी राहिले, तेव्हा मनात आले ते वेगळेच: पुण्याहून हे अंतर पालखीतून, दुखणाईत अंगाने, किती लांब वाटले असेल! इतिहासाला अंतर असते, हे मोटारीने आपल्याला विसरायला लावले आहे.

त्यानंतर आम्ही आणखी दोन वाटा शोधल्या. एक वाडे बोल्हाईची, केसनंदवरूनच पूर्वेला जाणारी. ह्या देवीचे भक्त बोकडाचे मटण खात नाहीत, मेंढीचे खातात. म्हणूनच पुण्याच्या खाटिकाकडे मेंढीच्या मटणाला 'बोल्हाईचे' म्हणतात. हा उलगडा ऐकून चिरंजीवांना जो आनंद झाला, तो मी व्याकरण शिकवताना कधी पाहिलेला नाही. ह्या वाटेवर थोडे चढउतार आहेत, माळ आहे, मेंढरांचे वाडे आहेत. सूर्य मात्र जाताना डोळ्यांत येतो, टोपी हवी.

दुसरी वाट उत्तरेची, भावडीवरून तुळापूरला जाणारी. तिला खडीच्या खाणी लागतात. म्हणून ती फक्त रविवारी, तीही पहाटेच, कारण इतर दिवशी रस्ता डंपरांचा असतो आणि धूळ तोंडात जाते. भावडी मागे पडली की उतार लागतो आणि समोर नद्यांचे खोरे उघडते. तुळापूर म्हणजे भीमा, भामा आणि इंद्रायणी यांचा संगम, संगमेश्वराचे देऊळ. शहाजीराजांच्या काळी इथे नावेत हत्ती उभा करून, पाण्याची खूण धरून, त्याच्या भारंभार दान दिले म्हणून गावाला हे नाव पडले, अशी आख्यायिका आहे. आणि ११ मार्च १६८९ ला संभाजीमहाराजांची हत्या झाली ती ह्याच परिसरात. समाधी नदीपलीकडे, वढू बुद्रुकला. तिथे आम्ही फार बोललो नाही. पाणी शांत होते. परत निघताना तो म्हणाला, "शाळेच्या सहलीत आलो होतो. पण तेव्हा काही दिसलंच नव्हतं."

वाचकांपैकी कोणाला ह्या वाटांनी जायचे असेल तर चार गोष्टी सांगते. ही तिन्ही ठिकाणे वाघोलीपासून दहा ते पंधरा किलोमीटरांच्या टप्प्यात आहेत. जाऊन-येऊन तीन तास पुरतात. उसाच्या गळिताच्या दिवसांत ट्रॅक्टरांपासून सावध असावे. कुत्रे मागे लागले तर पळू नये, उतरावे. सायकल मध्ये धरली की त्यांचा उत्साह मावळतो. पंक्चरचे सामान आणि पाणी जवळ हवेच. फ्रान्समध्ये पॉल द व्हिव्ही नावाचे एक गृहस्थ होऊन गेले, १८५३ ते १९३० पर्यंत. गिअरच्या सायकलीचा प्रसार ज्यांनी केला त्यांतले ते एक. त्यांनी सायकलस्वारांसाठी नियम घालून दिले होते: भूक लागण्याआधी खा, तहान लागण्याआधी प्या, आणि दुसऱ्याला दाखवायला म्हणून कधी पेडल मारू नका. आमचे पोहे आणि गूळ-शेंगदाणे ह्या नियमांत चपखल बसतात. ह्या माणसाने उभी हयात डोंगरघाटांत सायकल चालवली, आणि शेवटी तो गेला तो स्वतःच्या गावातल्या रस्त्यावर, ट्रामच्या धडकेने. हे मी ह्यांना सांगितले नाही. सांगायची गरजही नव्हती; हे त्यांना माझ्याआधीच कळलेले होते.

आता एक बोच. पुण्याभोवती जो मोठा वर्तुळाकार रस्ता व्हायचा आहे, तो हवेली तालुक्याच्या ह्याच पूर्व अंगाने जायचा आहे. दूधवाल्या आजोबांनीच एकदा मोजणीचे दगड दाखवले. "आता हितं मोठा रस्ता हुनार. तुमास्नी सोपं पडंल," ते म्हणाले. सोपे पडेल का? मी घरी येऊन बराच विचार केला. पहिल्याने वाटले, संपले सगळे. मग त्या मुलीचे चार पानी पत्र पुन्हा वाचले. मोठी वर्दळ मोठ्या रस्त्यांवर गेली म्हणूनच तिचे लहान रस्ते वाचले होते. डंपर जर त्या नव्या रस्त्यावर गेले, तर केसनंद-कोलवडीची वाट कदाचित आजच्यापेक्षाही शांत होईल. पण ते आपोआप होणार नाही. रिकामा रस्ता दिसला की त्याच्या दोन्ही कडांना प्लॉट पाडायचे, ही आपली रीत. आमची स्वतःची सोसायटी अशीच कुणाच्या तरी ज्वारीच्या शेतावर उभी आहे, हे मी विसरत नाही. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रातल्या कितीतरी खेडोपाडीच्या रस्त्यांची खडी उपाशी बायाबापड्यांनी हातांनी फोडली. त्या कष्टांवरून आपली चाके फिरतात. असे रस्ते शाळकरी पोरांसाठी, दूधवाल्यांसाठी, बैलगाड्यांसाठी राखून ठेवावेत, एवढे तरी आपल्याला मागता आले पाहिजे. निदान मागणाऱ्याला तो रस्ता कसा आहे हे ठाऊक हवे. म्हणून हे लिहिले.

गेल्या महिन्यात थेऊरहून परतताना चिरंजीव म्हणाले, "आई, मी पुढे जाऊ? तुझ्या वेगानं माझे पाय दुखतात." रस्ता रिकामा होता. पुढे उसाच्या आड वळण होते. मी जा म्हटले. निळी सायकल लहान होत गेली, वळणाशी एकदा चमकली, आणि दिसेनाशी झाली. खरे सांगते, त्या पुढची पाच-सात मिनिटे फार लांब होती. उसात सळसळ झाली तरी छातीत धस्स होई. दोन ट्रॉल्या ओढणारा एक ट्रॅक्टर समोरून आला आणि गेला. मी पेडल मारीत राहिले. वळण ओलांडले, आणखी एक ओलांडले.

तो नारिंगी टोपीच्या दगडावर बसून गूळ-शेंगदाणे खात होता. माझ्या वाट्याचे त्याने ठेवले होते. अर्थात शेंगदाणेच, गूळ संपला होता.

"दोन्ही ट्रॉल्या जाऊ दिल्या मी," तो म्हणाला.

घरी पोहोचलो तेव्हा नऊला पाच कमी होते. वाहनतळात हे उभे होते. हातात हवा भरायचा पंप, आणि पुढ्यात, धूळ पुसलेली, त्यांची स्वतःची महाविद्यालयातली जुनी काळी सायकल. ती सासूबाईंच्या माळ्यावरून केव्हा आणवली कोण जाणे. आमच्याकडे न पाहताच त्यांनी विचारले,

"पुढच्या रविवारी मला किती वाजता उठवणार?"